साडेसहा मिलिमीटरचा संयम

काडतूस ही वाचायची गोष्ट आहे. पितळी पुंगळी, बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी, एवढे चारच अवयव. पण ते बनवणाऱ्याने काय मागितलं, काय सोडून दिलं आणि कोणाचा विचार डोक्यात ठेवला, हे त्या चारांत स्पष्ट दिसतं. अमेरिकेत रायफल घ्यायला निघालेल्या साध्या माणसाची अडचण जुनीच आहे. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचं, उरलेलं वर्ष मैदानावर लांबच्या निशाण्यावर सराव करायचा, आणि खिशाला परवडते ती रायफल एकच. मग कॅलिबर कोणतं घ्यावं? या प्रश्नाला शंभर-सव्वाशे वर्षांत अनेक उत्तरं दिली गेली. त्यातलं एक मला रचना म्हणून फार आवडतं. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंड इथल्या हॉर्नेडी कंपनीने २००७ साली बाजारात आणलेलं ६.५ क्रीडमूर.

ते समजून घ्यायचं तर शेजारी .३०८ विंचेस्टर उभं करावं. हे १९५२ चं काडतूस. आपल्या लष्कराच्या आणि पोलिसांच्या एसएलआर रायफलीत जे ७.६२ वापरलं गेलं, त्याचंच हे नागरी भावंड. दोघांच्या बुडाचा व्यास एकच, सुमारे १२ मिलिमीटर. दोघांना अमेरिकन मानकाने मान्य केलेला कमाल दाबही एकच, ६२,००० पीएसआय. म्हणजे क्रीडमूरने जादा जोर मागितलेला नाही. फरक उंचीत आहे. .३०८ ची पुंगळी ५१.२ मिलिमीटर, क्रीडमूरची ४८.८. रायफलींच्या इतिहासात सुधारणा म्हणजे बहुतेक वेळा मोठी पुंगळी, जास्त दारू, वाढीव वेग. इथे मात्र नवं काडतूस करताना सुमारे अडीच मिलिमीटर पितळ कापून टाकलेलं आहे. क्रीडमूरची सगळी खुबी मला या कापण्यात दिसते.

कापलं का, ते गोळी पाहिल्यावर कळतं. .३०८ ची १६८ ग्रेनची जुनी प्रसिद्ध मॅच, म्हणजे स्पर्धेची, गोळी लांबीला सुमारे ३१ मिलिमीटर. क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी वजनाने हलकी, नऊ ग्रॅमच्या आसपास, पण लांबीला सुमारे ३५ मिलिमीटर, आणि जाडीला ७.८ ऐवजी फक्त ६.७. जाडीच्या पाचपट लांब, निमुळती, मागच्या टोकाशीही किंचित आवळलेली. हवा अशा गोळीला कमी अडवते. पण लांब गोळी ठेवायची कुठे? आखूड बोल्टच्या रायफलीच्या मॅगझिनमध्ये अख्खं काडतूस ७१-७२ मिलिमीटरच्या आत बसावं लागतं. ती भिंत हलत नाही. पुंगळी उंच असेल तर लांब गोळी तिच्या पोटात खोल रुतवावी लागते. ती दारूची जागा खाते आणि गोळीचा निमुळता भाग पितळेच्या तोंडाशी येऊन अडतो.

नेमकी हीच अडचण .२६० रेमिंग्टनला आली होती. १९९७ साली रेमिंग्टन कंपनीने .३०८ च्याच पुंगळीची मान आवळून तिच्यात साडेसहा मिलिमीटरची गोळी बसवली. कल्पना उत्तम होती. पण पुंगळी ५१.७ मिलिमीटरची राहिली आणि लांब गोळ्यांना जागा कमी पडली. कंपनीच्या सुरुवातीच्या रायफलींच्या नळीतले आटेही नऊ इंचांत एक फेरा देणारे होते. सर्वांत लांब गोळ्या स्थिर राहायला तेवढा पीळ जेमतेम. स्वतःच्या हाताने काडतुसं भरणारे जाणकार .२६० मधून सुंदर काम काढत असत, आजही काढतात. दुकानातून तयार डबा विकत घेणाऱ्याला मात्र त्याचा पूर्ण लाभ मिळाला नाही. क्रीडमूरमध्ये आधी गोळी ठरवली, मग मॅगझिनची मर्यादा मान्य केली, आणि मधे उरली तेवढीच जागा पुंगळीला दिली. आठ इंचांत एक फेरा हा पीळ मानकातच धरला गेला. त्या पिळाने नळीबाहेर पडणारी गोळी सेकंदाला चार हजार फेरे घेत असते.

खांद्याकडेही बघावं. पुंगळी रुंद पोटाकडून अरुंद मानेकडे वळते तो उतार म्हणजे तिचा खांदा. .३०८ चा खांदा २० अंशांचा, क्रीडमूरचा ३०. पोटाची भिंत जवळजवळ सरळ आणि खांदा एकदम वळलेला. असं काडतूस नळीच्या कोठडीत दर वेळी एकाच जागी घट्ट बसतं आणि गोळी नळीच्या मध्यरेषेत राहते. शिवाय स्फोटाच्या दाबाने पितळ पुढे सरकून मान लांबत जाते, ते कमी होतं. पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्याचं आयुष्य सोपं होतं. हे फायदे ठाऊक असणारे लोक आधीही होते. पण ते घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची खास काडतुसं घडवणारे स्पर्धक होते. ते ज्ञान डब्यात भरून दुकानाच्या फळीवर ठेवलं, हे क्रीडमूरचं मोठं काम. सुरुवातीच्या डब्यांवर कंपनीने आपली कृतीच छापली होती: कोणती दारू, किती ग्रेन, कोणती गोळी. ज्याला घरी भरायचं असेल त्याने हेच भरावं. आपली मूठ उघडून दाखवणारा कारखाना मला विश्वासाचा वाटतो.

या मोकळेपणाचं मूळ एका तक्रारीत आहे. ओहायोमध्ये ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचं मैदान आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तिथे अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. २००५ च्या स्पर्धांच्या वेळी हॉर्नेडीचे बॅलिस्टिक्सतज्ज्ञ डेव्ह एमरी आणि क्रीडमूर स्पोर्ट्स या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख, राष्ट्रीय विजेते नेमबाज डेनिस डिमिल यांचं बोलणं झालं. स्पर्धेच्या धावपळीत घरी भरलेल्या काडतुसांनी डिमिल वैतागले होते. त्यांनी आपल्या अपेक्षांची यादीच दिली. तयार मिळालं पाहिजे, मॅगझिनमधून चाललं पाहिजे, धक्का .३०८ पेक्षा कमी हवा, नळी लवकर झिजू नये, माल सहज मिळावा, आणि घरी भरायचं झालं तर कृती सर्वांना माहीत असावी. या यादीत ‘सर्वांत वेगवान’ हा शब्द नाही, याची मी मुद्दाम नोंद घेतो. नेमबाजाने आपलं दुखणं सांगितलं आणि इंजिनिअरने ते मनावर घेतलं. हॉर्नेडीनेच दुसऱ्या कंपनीसाठी घडवलेल्या .३० टीसी या काडतुसाची पुंगळी एमरींनी हाताशी घेतली आणि तिच्यातून हे उभं केलं.

नावाची गोष्ट थोडी मागे नेते, पण ती सांगायलाच हवी. क्रीडमूर हे न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवरचं मैदान. क्रीड नावाच्या कुटुंबाची शेतजमीन होती, तिथे १८७३ साली नेमबाजी सुरू झाली. पुढच्याच वर्षी आयर्लंडचा संघ तिथे आला. ८००, ९०० आणि १,००० यार्ड अशी तीन अंतरं. आयरिश नेमबाजांकडे तोंडाकडून ठासून भरायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. आयरिश संघातल्या एकाने चुकून शेजारच्या निशाण्याचा मध्य साधला आणि ते गुण वाया गेले. अखेरचा बार काढायला अमेरिकेचे जॉन बोडाइन उभे राहिले तेव्हा फुटलेल्या बाटलीने त्यांचा हात कापला होता. रक्त येत असतानाच त्यांनी मध्य साधला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. पुढे ते मैदान बंद पडलं आणि त्या जागी मनोरुग्णालय उभं राहिलं.

त्या आयरिश संघात डब्लिनचे बंदूककार जॉन रिग्बी स्वतः खेळले होते. आपल्याकडे कुमाऊंच्या नरभक्षकांची पुस्तकं वाचून वाढलेल्यांनी रिग्बी हे नाव ऐकलेलंच आहे. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेट यांना भेट मिळाली ती .२७५ रिग्बीच. तिचं काडतूस मुळात जर्मन मौझरचं सात मिलिमीटर. लांब गोळी, मध्यम वेग, सौम्य धक्का. स्वीडन आणि नॉर्वेने १८९४ साली स्वीकारलेलं ६.५×५५ हेही त्याच जातकुळीचं, आणि स्वीडिश शिकारी त्यावर आजही मूससारखं दांडगं जनावर मारतात. म्हणजे क्रीडमूरमागचा विचार विसाव्या शतकाच्याही आधीचा आहे. मधल्या काळात अमेरिकेला मोठ्या पुंगळ्यांनी आणि वेगाने मोहून टाकलं, आणि तो विचार मागे पडला.

वेगाच्या त्या मोहाबद्दल मी पूर्ण अनुदार नाही. १९२५ साली विंचेस्टरने आणलेलं .२७० हे त्या मोहाचं सर्वांत देखणं रूप, आणि शिकारीवर लिहिणारे जॅक ओ’कॉनर यांनी आयुष्यभर त्याच्या बाजूने लेखणी चालवली. १३० ग्रेनची गोळी सेकंदाला ३,०६० फूट वेगाने निघते. क्रीडमूरची १४० ग्रेनची निघते २,७१० फुटांनी. तीनशे यार्डांपर्यंत .२७० ची गोळी सपाट जाते, तिथवर तिला नावं ठेवायला जागा नाही. पुढे हवा हिशेब मागू लागते.

तो हिशेब म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट, हवेशी झगडत वेग टिकवण्याची गोळीची ताकद. हॉर्नेडीच्या एकाच मालिकेतल्या दोन मॅच गोळ्या घेतल्या, तर क्रीडमूरच्या १४० ग्रेनच्या गोळीचा आकडा .६४६ आणि .३०८ च्या १६८ ग्रेनच्या गोळीचा .५२३. नळीच्या तोंडाशी .३०८ ची ऊर्जा सुमारे ३,७०० ज्यूल, क्रीडमूरची ३,१००. हजार यार्डांवर पोचेपर्यंत क्रम उलटलेला असतो. मागून निघालेली गोळी पुढे गेलेली असते, कारण तिने वाटेत कमी गमावलं. खाली पडण्याचाही फरक आहे. शंभर यार्डांवर नेम जुळवलेला असेल तर हजार यार्डांवर क्रीडमूरची गोळी साधारण आठ मीटर खाली येते, .३०८ ची १७५ ग्रेनची जुनी मॅच गोळी दहा मीटरांहून अधिक. पण घसरण ही भाबडी गोष्ट आहे. ती गणिताने कळते आणि दुर्बिणीच्या चकतीवर तेवढे ठोके फिरवले की भरून निघते.

वारा तसा कळत नाही. बाजूने ताशी दहा मैलांचा वारा असेल तर हजार यार्डांवर क्रीडमूरची गोळी पावणेदोन ते दोन मीटर वाहून जाते आणि .३०८ ची ती १७५ ग्रेनची अडीच मीटरच्याही पलीकडे. वाऱ्याचा अंदाज कोणाचाही बिनचूक नसतो. गवत, धूळ, उन्हाची लहर यांकडे बघून माणूस ठरवतो, आणि दोन मैलांनी चुकतो. ती चूक क्रीडमूर .३०८ पेक्षा सुमारे पाऊण मापाने आकारते. चांगलं उपकरण माणसाच्या चुकीला थोडी जागा ठेवतं, आणि ही जागा कारागिराच्या करुणेतून येते असं मला वाटतं. धक्का कमी असण्याचाही अर्थ हाच. दिवसभरात साठ-सत्तर बार काढल्यावर ज्याचा खांदा पुढच्या धक्क्याच्या भीतीने आकसत नाही, त्याचंच बोट चापावर शांत राहतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला नेमबाजी म्हटलं की वेगळं चित्र दिसतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते .२२ च्या छोट्या काडतुसावर. तिथल्या निशाण्यातल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. कॅलिबर निवडण्याचा प्रश्नच तिथे नाही. नियमाने ते ठरवून दिलेलं आहे. आणि हरणाची शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, ते योग्यच आहे. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार राज्यांच्या वन्यजीव खात्यांच्या परवान्याने, हंगाम आणि संख्या ठरवून होते. तिथे कॅलिबरचा प्रश्न खरोखर पडतो, आणि तो जिवाशी जोडलेला आहे.

म्हणून हरणाकडे वळताना सूर बदलावा लागतो. एफ-क्लास या दूरनेमाच्या प्रकारातल्या हजार यार्डांच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ दहा इंचांचं असतं. हरणाच्या छातीतला काळीज आणि फुप्फुसांचा भाग जवळपास तेवढाच. हा योगायोग पाहून कोणाला वाटेल की मैदानावर जे जमलं ते रानातही जमेल. मला हा विचार धोक्याचा वाटतो. हजार यार्ड गाठायला क्रीडमूरच्या गोळीला सुमारे दीड सेकंद लागतो. कागद दीड सेकंदात हलत नाही. हरीण एक पाऊल टाकतं, आणि काळजात बसायची गोळी पोटात बसते. मग ते जनावर रात्रभर झुडपांत तडफडतं. तीनशे यार्डांवर हाच वेळ सेकंदाच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक असतो. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली उभी केलेली बून अँड क्रॉकेट क्लब ही शिकाऱ्यांचीच संस्था. तिचंही म्हणणं असं, की आपली साधनं किती लांब पोचतात हे पाहण्यासाठी जनावरावर गोळी झाडणं ही शिकार नव्हे. क्रीडमूरच्या जाहिराती पाहून रानात हजार यार्डांवर बार काढणारा माणूस या काडतुसाचा अपमान करतो.

हरणासाठी कॅलिबरपेक्षाही गोळीची जात जास्त महत्त्वाची, हे नवख्यांना सांगावंच लागतं. मॅच गोळी अचूकतेसाठी बनते. तिचं तांब्याचं कवच पातळ असतं आणि जनावरात शिरल्यावर ते कसं वागेल याचा भरवसा नसतो. कधी वरच्यावर फुटते, कधी आरपार जाते. शिकारी गोळी ठरलेल्या रीतीने उमलते, वजन टिकवते, खोल जाते. हॉर्नेडीचीच १४३ ग्रेनची शिकारी गोळी क्रीडमूरमध्ये २,७०० फुटांनी निघते, म्हणजे मॅच गोळीच्या अगदी जवळून. एकच रायफल दोन कामांना चालते ती या जवळिकीमुळे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. मेलेल्या जनावरांच्या आतड्यांतलं शिसं खाऊन कॉन्डर गिधाडं मरत होती. तिथे शिसं नसलेली, बहुतेकदा तांब्याची, गोळी घ्यावी लागते. तांबं हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी आणखी लांब होते, आणि क्रीडमूरने लांब गोळीसाठी राखलेली जागा तिथेही उपयोगी पडते.

कायद्याची अट बहुतेक राज्यांत फार खाली आहे. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा एवढं पुरतं. क्रीडमूर ती सहज ओलांडतं. ओहायोत मात्र बाटलीसारख्या मानेची काडतुसं हरणाला चालतच नाहीत, सरळ भिंतीचीच लागतात. तिथल्या माणसाने हा सगळा लेख बाजूला ठेवून नियमपुस्तिका उघडावी.

आक्षेप तीन आहेत, आणि तिन्ही खरे. आजच्या दूरनेमाच्या मोठ्या स्पर्धांत वरचे खेळाडू सहा मिलिमीटरच्या आणखी सौम्य काडतुसांकडे वळले आहेत. तिथे क्रीडमूर आता जुनं झालं. दुसरा आक्षेप पूर्वेकडच्या दाट जंगलातला. तिथे हरीण दिसतं तेच पन्नास-साठ यार्डांवर, आणि १८९५ चं .३०-३० काडतूस ते काम आजही तितक्याच सचोटीने करतं. तिसरा आक्षेप नळीचा, तिथे .३०८ पुढे आहे. क्रीडमूरची नळी स्पर्धेच्या वापरात साधारण अडीच-तीन हजार बारांनंतर अचूकता सोडू लागते, .३०८ ची पाच हजारांच्या पुढे जाते. क्रीडमूर कुठल्याच एका कामात पहिलं येत नाही. तरीही २०१५ साली रूगर कंपनीने परवडणारी दूरनेमाची रायफल या काडतुसात आणली आणि मग ते घराघरांत पोचलं. पुढे अमेरिकेच्या विशेष दलांनीही ते दूरनेमासाठी निवडलं. दोन्ही कामांत दुसरं किंवा तिसरं येणारं, खांदा न दुखवणारं आणि गावातल्या दुकानात मिळणारं काडतूस साध्या माणसाला हवं होतं.

माझा कौल असा. ज्याची हरणं दाट झाडीत आहेत आणि मैदान तीनशे यार्डांचं आहे, त्याने वडिलांची .३०-३० किंवा .३०८ मुळीच विकू नये. त्या पैशात काडतुसं घ्यावीत आणि सराव करावा. ज्याला उघड्या माळावर हरणामागे जायचं आहे, वर्षभर सहाशे ते हजार यार्डांवर वाऱ्याशी झुंजायचं आहे आणि रायफल एकच परवडते, त्याने निःशंकपणे ६.५ क्रीडमूर घ्यावं. दोन जातींच्या गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात, आणि हंगामाआधी मॅच गोळी काढून शिकारी गोळी भरली की शंभर यार्डांवर नेम पुन्हा तपासूनच रानात पाऊल टाकावं.